साडेतीन डॉलरचे मनोरे

दीपगृह बघायला निघालो आणि गाडी थांबली ती पाइनच्या रानात. समुद्राचा पत्ता नाही. मुलीला म्हटलं, रस्ता चुकलीस. तिने नुसतं बोट दाखवलं. झाडांमधल्या मोकळ्या जागेत तीन पांढरे लाकडी मनोरे एका ओळीत उभे होते. जेमतेम २२ फुटांचे, देवळापुढच्या दीपमाळांची आठवण व्हावी एवढेच. अमेरिकेतल्या केप कॉडवरच्या ईस्टहॅम गावातल्या या ‘थ्री सिस्टर्स’, तीन बहिणी.

या किनाऱ्यावर हायलंडला एक दिवा होता, चॅटमला दोन. खलाशांची गफलत होऊ नये म्हणून १८३८ साली इथे तीन लावले. ते मनोरे विटांचे होते. पण इथला कडा वाळूचा. लाटा तो खालून कोरत राहिल्या आणि १८९२पर्यंत मनोरे पार काठावर आले. तेव्हा थोडं मागे सरून नवे तीन बांधले ते लाकडाचे, हलवता येतील असे. मला यांचं मोल नेमकं इथे दिसतं. समुद्र पुन्हा येणार, हे बांधणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं.

आणि तो आलाच. १९११ साली उत्तरेकडच्या मनोऱ्यापासून कडा ८ फुटांवर होता. मधला मनोरा मागे नेऊन राखणदाराच्या घराला जोडला. बाकी दोघींचे दिवे गेले. पण उरलेला एकटा दिवा तीनदा लुकलुकायचा. तिघींची खूण त्याने एकट्याने चालवली.

१९१८मध्ये विझलेले दोन मनोरे विकले गेले, दोन्ही मिळून साडेतीन डॉलरला! घेणाऱ्यांनी ते जोडून उन्हाळ्यात राहायचं घर केलं. १९२३मध्ये तिसराही विकला गेला, त्याचंही घर झालं. याला हेळसांड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमचं कोकणातलं घर उतरवलं तेव्हा त्याचे खांब काकांच्या पडवीला लागले. आजही तिथे गेलं की हात आपसूक एका खांबावरच्या खिळ्याकडे जातो. आजी त्याला कंदील अडकवायची. ते खांब नुसते पडून राहिले असते, तर वाळवीने कधीच खाल्ले असते.

राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याने दोन मनोरे १९६५ साली परत विकत घेतले, तिसरा १९७५ साली. १९८९मध्ये तिघी पुन्हा पूर्वीच्याच अंतराने, १५०-१५० फुटांवर उभ्या राहिल्या. दिव्याची काचेची खोली एकीच्याच माथ्यावर आहे. उरलेल्या दोघींना खोटी खोली चढवली नाही, हे मला फार आवडलं.

इथून समुद्र दिसत नाही, याची मुलीला चुटपुट लागली होती. पण यांच्या जागी किनाऱ्यावर आलेला लोखंडी मनोरासुद्धा १९९६मध्ये कड्यापासून मागे घ्यावा लागला. मग या तिघींना पुन्हा पाण्याच्या तोंडी कशाला द्यायचं?