फळीखालचे लोखंड

मोटरसायकली वाहून नेण्यासाठी अमेरिकेत जो बंद ट्रेलर वापरतात, तो मुळात एक रिकामे खोके असतो. लोखंडी सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून भिंतींना पातळ आणि जमिनीला पाऊण इंची प्लायवुड. मागचा दरवाजा खाली उघडतो आणि तोच चढउताराची फळी होतो. बाजूला माणसापुरते एक दार. अशा खोक्यातून फर्निचर जाते, गवत कापायची यंत्रे जातात; मोटरसायकलीसाठी मात्र ते आतून तयार करून घ्यावे लागते. महाराष्ट्रात गाडी गावाला पाठवायची तर टाकीतले पेट्रोल काढून, पोती गुंडाळून ती रेल्वेच्या पार्सलमध्ये देतात, म्हणून हा प्रकार आपल्याकडे फारसा दिसत नाही. प्रस्तुत लेखकाने शिकागोजवळ घेतलेल्या, ६ बाय १२ फुटी, एका एक्सलच्या जुन्या ट्रेलरवर हे सारे काम केले. त्यात दोन गाड्या बसवायच्या होत्या: होंडा गोल्डविंग आणि रॉयल एनफिल्डची ६५० सीसीची इंटरसेप्टर, जी अमेरिकेत आयएनटी ६५० या नावाने विकली जाते, कारण तिथे इंटरसेप्टर हे नाव होंडाकडे आहे.

पहिले काम वजनाच्या हिशेबाचे. या आकाराच्या ट्रेलरवर भरलेल्या वजनाची कमाल मर्यादा बहुधा २,९९० पौंड अशी लिहिलेली असते. अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, म्हणून हा आकडा त्याच्या जरासा आत ठेवलेला असतो. रिकामा ट्रेलर सुमारे १,३०० पौंडांचा. उरले १,६९०. गोल्डविंग साधारण ८४० पौंड, एनफिल्ड ४४५. म्हणजे कपाट, स्टेपनी, हत्यारे, सामान, सगळे मिळून चारशे पौंडांत बसायला हवे. जमिनीवर प्लायवुडचा दुसरा थर टाकण्याचा विचार इथेच सोडून दिला. ४ बाय ८ फुटी पाऊण इंची शीट साठ-सत्तर पौंडांची असते आणि या ट्रेलरला तशा सव्वादोन शीट लागल्या असत्या. आत बसवलेली प्रत्येक वस्तू गाड्यांच्या वाट्याचे वजन खाते, हे लक्षात ठेवून एकेक वस्तू घ्यावी.

दुसरे काम जमिनीखाली शिरून करायचे. प्लायवुड ज्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर टेकलेले असते, त्या काही ट्रेलरांत १६ इंचांवर असतात, काहींत २४ इंचांवर. वरून त्यांची जागा स्क्रूंच्या ओळींवरून कळते. मागच्या दारालगतची प्लायवुडची कड पावसाचे पाणी पिऊन कुजते, म्हणून तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. टोक सहज आत गेले तर तेवढा तुकडा कापून बदलावा.

गाड्या बांधायचे प्रत्येक कडे या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या आधारानेच बसवायचे, हे शिकायला एक प्रवास लागला. दक्षिण डकोटातल्या स्टर्जिस या गावी १९३८ पासून मोटरसायकलस्वारांचा मेळावा भरतो. हल्ली तो ऑगस्टमध्ये असतो. शिकागोहून आय-९० हा महामार्ग धरला की थेट तिथेच पोचतो, अंतर साडेनऊशे मैलांच्या आसपास. पहिल्या वर्षी आधीच्या मालकाने बसवलेल्या कड्यांवर विसंबून दोन्ही गाड्या बांधल्या होत्या. मिझुरी नदीवरच्या चेंबरलेनच्या आधी, मोकळ्या माळावर आडवा वारा सुरू झाला आणि ट्रेलरमधून धप्प असा आवाज आला. दार उघडले तर एनफिल्ड डाव्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हँडलच्या टोकाने भिंतीच्या प्लायवुडला खळगा पाडला होता आणि उजव्या पट्ट्याच्या टोकाला कडे जसेच्या तसे लोंबकळत होते. चारही स्क्रू कड्यातच होते. त्यांच्या आट्यांत लाकडाचा पिवळा भुसा अडकला होता. कडे मोडले नव्हते, पट्टा तुटला नव्हता, स्क्रूही वाकले नव्हते; फक्त लाकडाने ते सोडून दिले होते. गाडी शाबूत राहिली याचे कारण एवढेच, की भिंत जवळ होती.

म्हणून कडे कधीही नुसत्या प्लायवुडमध्ये स्क्रूने बसवू नये. बोल्ट आरपार जावा, खालून जाड लोखंडी प्लेट यावी आणि ती प्लेट आडव्या पट्टीला धरून बसावी, म्हणजे ओढ लागली की भार फळीवर न थांबता सांगाड्यात उतरतो. छोटे वायसर पुरत नाहीत. जोराच्या हिसक्याला ते प्लायवुडमध्ये रुततात. प्रत्येक छिद्रात सिलिकॉन भरावे, नाहीतर चाकांनी उडवलेले पाणी वर चढून लाकूड आतून कुजवते. कड्यांऐवजी खाचांची लोखंडी पट्टी, जिला ई-ट्रॅक म्हणतात, लांबीभर बसवली तर पट्टा हव्या त्या जागी अडकवता येतो. दोन वेगळ्या उंचीच्या गाड्यांसाठी ती जास्त सोयीची. तिचेही बोल्ट असेच आरपार हवेत.

मात्र छिद्रे पाडण्याआधी गाड्या आत उभ्या करून पाहाव्यात. सहा फुटांच्या रुंदीत दोन हँडल शेजारी शेजारी मावत नाहीत, म्हणून एक गाडी पुढे, दुसरी तीन-चार फूट मागे. जड गाडी पुढे आणि डावीकडे, तिला तोलायला हत्यारांची पेटी आणि स्टेपनी उजवीकडे. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या बॉलवर, एकूण भरलेल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार यायला हवा. कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो, आणि एकदा ते सुरू झाले की सावरणे फार कठीण जाते.

हा भार घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. एक जाड फळी घेऊन तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे, तीन फुटांवर, काट्यावर ठेवायचे. दांडा विटेपासून एक फुटावर टेकवायचा आणि काट्यावरचा आकडा तिप्पट करायचा. दांडा थेट ठेवला तर एवढे वजन बहुतेक घरगुती काट्यांना पेलत नाही. सगळे भरून ट्रेलर २,८०० पौंडांचा होत होता. काट्याने पहिल्यांदा ७५ दाखवले, म्हणजे २२५ पौंड, जेमतेम आठ टक्के. गोल्डविंगचा चाकाचा चॉक फूटभर पुढे सरकवल्यावर आकडा १०१ झाला, म्हणजे ३०३ पौंड, जवळजवळ अकरा टक्के. त्यानंतरच ड्रिल हातात घेतले.

चॉक म्हणजे पुढचे चाक पकडून गाडी उभी धरणारा लोखंडी साचा. एकट्या माणसाला गाडी आत नेऊन सोडता येते ती त्याच्यामुळे, पण पट्ट्यांची जागा तो घेऊ शकत नाही. पुढचे दोन पट्टे फोर्कच्या खालच्या जोडापासून, मऊ फासे घालून, पुढे आणि बाहेर साधारण ४५ अंशांत ओढावेत. हँडलला बांधणे सोपे वाटते, पण हँडल फिरते आणि वाकते. पुढचे शॉकअप्स निम्मे दबतील इतपतच ताण द्यावा. पूर्ण दाबून शेकडो मैल नेले तर ऑईलसीलवर विनाकारण जोर येतो. मागचे दोन पट्टे मागचे चाक आडवे सरकू नये एवढ्यासाठी. साइड स्टँड वर, गाडी गिअरमध्ये. पट्ट्यावर दोन आकडे असतात. तुटण्याचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असला, तरी हिशेब कामाच्या भाराच्या आकड्याने करावा, जो बहुधा त्याच्या एक तृतीयांश असतो.

जमिनीला तैलरंगाचे दोन हात, वरच्या हातात बारीक वाळू मिसळून. रबरी मॅट दिसायला छान, पण ओली झाली की बूट घसरतात आणि खालचे लाकूड कुजलेले कळत नाही. प्रस्तुत लेखकाने ती काढून टाकली.

गाडी चढवताना ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच असावा. सुटा असेल तर मागच्या टोकावर वजन येताच पुढचा दांडा हवेत उचलला जातो. फळी जिथे बिजागरीला मिळते, तिथल्या उंचवट्यावर लांब आणि बुटक्या गाडीचे पोट घासते. फळीच्या टोकाखाली लाकडाचे ठोकळे देऊन उतार कमी केला की हे टळते.

हवेची सोय दोन ठिकाणी लागते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत साचते. छताला झडप असूनही तळाचा वास जात नव्हता. बाजूच्या पत्र्यात खाली दोन जाळ्या बसवल्यावर गेला. दिव्यांसाठी बारा व्होल्टच्या एलईडी पट्ट्या पुरतात, त्यांना वीज सात पिनांच्या जोडणीतून मिळते.

टायर ट्रेलरचेच हवेत, ज्यांच्यावर एसटी ही अक्षरे असतात. नक्षी शाबूत दिसली तरी वय पाहावे: २३१९ असा चार आकडी शिक्का म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर ते बदलावेत. चाकांच्या बेअरिंगला वर्षातून एकदा ग्रीस. चाके काढून बसवली असतील, तर पहिल्या पन्नास मैलांनंतर थांबून नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत. पट्टेही त्याच थांब्यावर तपासावेत, कारण नवा पट्टा पहिल्या तासात थोडा ताणतो. दुसऱ्या वर्षी त्या थांब्यावर सगळ्या पट्ट्यांचा रॅचेट एकेक दात पुढे गेला. चेंबरलेनला वारा तसाच होता. नदीकाठी दार उघडून पाहिले तेव्हा एकाही पट्ट्याला आणखी दात घ्यावा लागला नाही.