बाबांची मशरूम भजी आणि आईची तेलाची बरणी

"डॉक्टर, तळलेलं आता कायमचं बंद का हो?"

हृदयविकाराचे रुग्ण मला हा प्रश्न नेहमी विचारतात. बऱ्याचदा शेजारी बसलेल्या पत्नीकडून लगेच उत्तर येतं, "मी देतच नाही त्यांना!" त्या स्वरात काळजी असते, आणि 'यात माझी चूक नाही' असं सांगण्याची धडपडही असते. ही धडपड मला पूर्वी कळायची नाही. ती कळली आमच्याच घरात, म्हणून आज थोडं घरचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली. त्या रात्री रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर आई बसली होती. मी घाबरलेली, दमलेली. मी तिला म्हणाले, "किती वेळा सांगितलं, ते बरणीतलं तेल परत परत वापरू नकोस. बघ आता."

आमच्या ओट्यावर स्टीलची एक बरणी असायची. तळण झालं की आई त्यात तेल गाळून ठेवायची. पुन्हा तळण, पुन्हा तेच तेल, वर थोडं नवीन. रेशनवरचं पामतेल रांगेत उभं राहून आणलेली ती बाई. तिच्यासाठी तेल फेकणं म्हणजे अन्न फेकणं. माझ्या बोलण्यावर ती काहीच बोलली नाही. पण त्यानंतर घरात कढई चढली नाही. गणपतीत तळणीचे मोदकही नाहीत, संक्रांतीला गुळाची पोळी तेवढी, तीही बाबांना अर्धी.

आता डॉक्टर म्हणून खरं सांगायचं तर माझं ते वाक्य चुकीचं होतं. बाबांनी तीस वर्षं सिगारेट ओढली. मधुमेह होता, रक्तदाबाची गोळी ते आठवण आली की घेत. माझ्या आजोबांनाही हृदयविकार होता. रक्तवाहिनीत चरबीचे थर साठायला अनेक वर्षं लागतात आणि त्याला अनेक कारणं असतात. त्यातलं एक उचलून स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या माथी मारणं सोपं असतं, एवढंच.

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या स्वागत समारंभात वेटर कुरकुरीत मशरूमची ताटली घेऊन आला. बाबांनी एक उचललं, समोर मी दिसले, आणि त्यांनी ते गुपचूप परत ठेवलं. बहात्तर वर्षांचा माणूस, चोरी पकडली गेल्यासारखा! त्या क्षणी मलाच ओशाळल्यासारखं झालं.

रविवारी मी मशरूमचं 200 ग्रॅमचं पाकीट घेऊन घरी गेले.

"कुत्र्याच्या छत्र्या माझ्या कढईत नकोत," आई म्हणाली.

बाबा मात्र खुलले. त्यांचं बालपण कोकणातलं. पावसात वारुळाजवळ उगवणारी अळंबी ते अजून विसरलेले नाहीत. "आपणही रानातून आणू की एकदा," म्हणाले. इथे मी ठाम नकार दिला आणि तुम्हालाही तेच सांगते. रानातली अळंबी पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारी माणसं असतात. आपण त्यांतले नाही. काही विषारी जातींचं विष तळून, उकळून जात नाही. उलट्या-जुलाब सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात, मध्ये बरं वाटतं आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. लसूण काळा पडतो का, चांदीचं नाणं काळवंडतं का, या परीक्षा खोट्या आहेत. घरी आणायचे ते दुकानातले, लागवडीचे पांढरे मशरूमच.

आता कृती. मशरूम पटकन धुऊन फडक्यावर अगदी कोरडे केले आणि प्रत्येकाचे दोन तुकडे केले. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. वरून आणखी पाणी राहिलं तर पीठ सुटतं आणि तेल अंगावर उडतं. चार चमचे तांदळाची पिठी, चार चमचे कॉर्नफ्लोर, दोन चमचे बेसन, मिरपूड, वाटलेली लसूण आणि बेताचं मीठ. त्यातलं थोडं कोरडं पीठ आधी तुकड्यांना चोळलं. उरलेलं फ्रिजमधल्या गार पाण्यात, इडलीच्या पिठापेक्षा किंचित पातळ भिजवलं. तांदळाच्या पिठीने कुरकुरीतपणा टिकतो. सोडा घातला नाही, कारण सोड्याने भजी जास्त तेल पितात.

लहान, खोलगट कढईत 300 मिली शेंगदाण्याचं तेल मोजून ओतलं. आई बघत होती. पिठाचा थेंब टाकला की बुडबुड्यांसह लगेच वर यायला हवा. तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे. तेलातून धूर निघाला तर फार तापलं आहे, गॅस बारीक करा.

आता कढईत काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे कृती पाठ करावी लागणार नाही. गरम तेलात पडताच मशरूममधल्या पाण्याची वाफ होते आणि ती जोराने बाहेर येते. आपल्याला दिसणारे बुडबुडे म्हणजे ही वाफच. ती बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. तेल पुरेसं तापलेलं नसेल, किंवा एकदम वीस तुकडे टाकून ते थंड केलंत, तर वाफेचा जोर कमी पडतो, पीठ मऊ राहतं आणि तेलकट होतं. म्हणून एका वेळी पाच-सहाच.

आणि गंमत म्हणजे बरंचसं तेल भजं बाहेर काढल्यावर आत जातं. भजं गार होताना आतल्या वाफेचं पाणी होतं, दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. त्यामुळे बुडबुडे मंदावले आणि रंग सोनेरी झाला की काढा, झाऱ्यावर चांगलं निथळा आणि जाळीवर सुटं सुटं ठेवा. ढीग केला की वाफ अडकते आणि सगळं लिबलिबीत होतं.

शेवटी उरलेलं तेल गाळून मोजलं. 260 मिली. म्हणजे आम्हा चौघांत 40 मिली तेल, माणशी दोन छोटे चमचे, सुमारे 80 कॅलरी. मी रुग्णांना दिवसभराचं सगळं मिळून चार-पाच छोटे चमचे तेल सांगते. त्या दिवशी बाकी स्वयंपाक हात राखून केला, बाबांची अर्धी भाकरी कमी केली, सोबत काकडीची कोशिंबीर. असं महिन्यातून एखाददा चालतं. रोजच्या रोज नाही, आणि हॉटेलातलं किंवा गाडीवरचं त्याहून नाही, कारण तिथलं तेल किती वेळा तापलं ते आपल्याला माहीत नसतं.

वारंवार तापवलेलं तेल काळपट, दाट, उग्र वासाचं होतं. त्यात शरीराला अपायकारक घटक वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून अशा तेलातल्या 'पोलर' घटकांना 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यापुढचं तेल स्वयंपाकाला वापरायचं नाही. घरी हे मोजता येत नाही, म्हणून साधा नियम: एकदा तळलेल्या तेलात पुन्हा तळू नका. गाळून एक-दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवा. म्हणूनच कढई लहान घ्यायची, तेल कमी उरतं.

बाबांनी सहा तुकडे खाल्ले, माझ्याकडे न बघता. आईनेही एक चाखलं. "बरं लागतंय," म्हणाली. मग कपाटाच्या मागून तिने ती स्टीलची बरणी काढली. दोन वर्षं घासून पुसून ठेवलेली.

"यात ओतू का? का नको?"

"ओत की. उद्या बटाट्याच्या भाजीला वापर," मी म्हणाले. "आणि आई, त्या रात्री मी जे बोलले ना, ते खरं नव्हतं. बाबांचं दुखणं तुझ्यामुळे आलं नाही."

ती तेल गाळत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं, तू डॉक्टर आहेस, म्हणजे खरंच असेल."

घरात कुणाला आजार झाला असेल तर पथ्य जरूर पाळा, गोळ्या वेळेवर घ्या, सिगारेट-तंबाखू सोडा. पण आजाराचा दोष स्वयंपाकघरात शोधू नका. आणि कुणाला तसं बोलून गेला असाल, तर मी लावली तशी दोन वर्षं लावू नका.