खांद्याचं मांस

आमच्या माजघरात डुकराचं मांस कधी शिजलं नव्हतं. पण सूनबाई नॉर्थ कॅरोलिनातली. तिची आई गेल्यावरच्या पहिल्याच वाढदिवसाला तिला आईच्या हातची सँडविचं आठवली. मी तेव्हा त्यांच्याकडे होते. पदर खोचला!

दुकानातून सर्वांत महाग, बिनचरबीचा पाठीचा तुकडा आणला. पाच तास भाजला. निघाली काय? सुतळी! सूनबाईनं निमूट खाल्लं; मलाच घास गिळवेना.

दुसऱ्या खेपेला खाटकालाच विचारलं. तो म्हणाला, "खांदा न्या." पुढच्या खांद्याच्या वरच्या भागाला तिकडे 'बॉस्टन बट' म्हणतात. स्वस्त, चिवट, चरबीच्या रेषांनी भरलेला. मंद आचेवर सात-आठ तास ठेवून आतून ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापला, की त्यातला चिवटपणा विरघळून रस होतो आणि काट्यानं ओढताच मांस सुटतं. वर व्हिनेगरचं आंबट-तिखट पाणी.

मटण घेताना खांद्यासाठी खाटकाशी भांडणारी मी! परदेशात अक्कल गहाण ठेवली होती.

एरवी मला नावानं हाक मारणारी सूनबाई त्या दिवशी ताट पुढे करून म्हणाली, "आई, आणखी आहे?"

राबलेल्या खांद्याला मऊ व्हायला वेळ लागतो, वाचकहो. सासूलाही लागतो.