‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

मननासाठी : लूककृत शुभवर्तमान १३:६-९





आमच्या नंदिगड्डे भागात विजांचे दिवस वर्षातून दोनदा येतात. एकदा मे महिन्यात वळवाच्या पावसाबरोबर आणि दुसऱ्यांदा पाऊस परतताना. ढग गडगडू लागले की घराघरांत प्लग काढायची धावपळ उडते. तरीही त्या रात्री कुणाचा टीव्ही, कुणाचा इन्व्हर्टर, कुणाची वॉशिंग मशीन बंद पडतेच. मग दुसऱ्या दिवशी निकाल ऐकू येतो : “बोर्ड गेला.”

‘गेला’ हा शब्द आपण माणूस मरण पावल्यावर वापरतो. त्यानंतर विचारण्यासारखे काही उरत नाही. पुढचे बोलणे नव्याच्या किमतीचे आणि हप्त्याचे. या एका शब्दावर आज आपण मनन करू या. कारण बोर्डाच्या बाबतीत तो पुष्कळदा घाईने उच्चारला जातो, आणि माणसांच्या बाबतीतही.

बोर्ड म्हणजे काय? एक पातळ, बहुधा हिरवी पाटी. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेषा आणि त्या रेषांवर डाख देऊन बसवलेले लहान-मोठे भाग. यातला एक भाग बिघडला तरी सगळे यंत्र थांबते. जास्त दाबाची वीज आली तर फ्यूज उडतो. काही बोर्डांवर फ्यूजजवळ एक छोटी चकती असते, ती स्वतः जळते आणि पुढच्या भागांना वाचवते. कपॅसिटर नावाच्या लहान डब्यांतला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो, डबी वरून फुगते. उष्णता दहा अंशांनी वाढली की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. आणि आमच्याकडचा पावसाळा तर विचारूच नका! चार महिने दमट हवा, तांब्यावर हिरवा गंज, आत मुंग्यांची वस्ती, कधी उबेला येऊन बसलेली पाल. डाख नीट न धरल्याने सैल झालेला एखादा सांधाही टीव्ही बंद पाडायला पुरतो.

असा भाग पुष्कळदा पाच-दहा रुपयांचा असतो. अख्खा बोर्ड मात्र काही हजारांचा. म्हणून चांगला मेकॅनिक किंमत सांगण्याआधी म्हणतो, “आधी उघडून बघू.” तो स्क्रू काढतो, ब्रशने धूळ झटकतो, जळका वास कुठून येतो ते हुंगतो, भिंगातून सांधे न्याहाळतो, मग मीटरची टोके एकेका ठिकाणी टेकवतो. यात वेळ जातो. अर्धा दिवस मान मोडून बसायचे आणि शेवटी मजुरी मागताना गिऱ्हाइकाने म्हणायचे, “एवढ्याशा भागाचे एवढे पैसे?” बंधुभगिनींनो, आपण मोल भागाचे देत नसतो. कुणीतरी थांबून नीट पाहिले, त्याचे ते मोल असते.

सर्व्हिस सेंटरचा माणूस आला की तो बहुधा सगळा बोर्डच बदलतो. त्यात नेहमी लबाडी असते असे समजू नये. त्याला दिवसाला अनेक घरे गाठायची असतात, बदललेल्या बोर्डाची हमी देता येते, आणि दुरुस्तीची माहिती व सुटे भाग त्याच्याही हाती दिलेले नसतात. काही वॉशिंग मशीनच्या बोर्डांवर पाणी शिरू नये म्हणून रबरासारखा थर ओतलेला असतो. तो खरवडल्याशिवाय आतला भाग हाती लागत नाही. काही चिपमध्ये कंपनीने भरलेला प्रोग्राम असतो, ती चिप बाजारात कोरी मिळाली तरी उपयोग नाही. ही अडचण ओळखूनच केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. वस्तू विकत घेणाऱ्याला ती दुरुस्त करून वापरण्याचा हक्क असावा आणि त्यासाठीची माहिती व भाग मिळावेत, हा त्यामागचा विचार आहे.

आता शुभवर्तमानाकडे वळू या. द्राक्षमळ्यात एक अंजिराचे झाड आहे. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. शेवटी तो म्हणतो, तोडून टाका, हे उगाच जमीन अडवून बसले आहे. मालकाचे म्हणणे चुकीचे नाही. जमीन, पाणी, श्रम सगळ्यालाच किंमत असते. पण माळी एक वर्ष मागून घेतो. तो सभोवती खणणार आहे, खत घालणार आहे. मालक फांदीकडे पाहतो, माळी मुळाशी वाकतो. फळ नाही हे दोघांनाही मान्य आहे. फळ का नाही, हे पाहण्याची तयारी मात्र माळ्याचीच आहे.

माळ्याच्या विनंतीत आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या वाचनातून निसटते. त्याने कायमची सवलत मागितली नाही. एक वर्ष, आणि त्यानंतरही फळ नाही आले तर तोडावे, असे तोच म्हणतो. त्याच्या दयेला डोळे आहेत. पुढे त्या झाडाला अंजिरे आली की नाही, हे प्रभूने सांगितलेलेच नाही. आपल्यापुढे निकाल ठेवलेला नाही, ठेवले आहे ते खणण्याचे काम.

फेकून देणे आपल्याला सोपे वाटते, कारण फेकलेली वस्तू डोळ्यांआड होते. पण ती जाते कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला चौथा हिस्सादेखील रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद नाही. जुन्या बोर्डांच्या डाखात शिसे असते. तांब्यासाठी कुणी ते उघड्यावर जाळले तर विषारी धूर होतो, आणि तो आधी जाळणाऱ्या गरिबाच्याच छातीत जातो. आमच्या तालुक्यातले बहुतेक ओढे शेवटी काळी नदीला मिळतात. घरामागच्या खड्ड्यात टाकलेला बोर्ड ‘आमच्या हद्दीत’ राहत नाही.

याच नदीवर सुपा धरण झाले तेव्हा जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. लोकांना रामनगरला नवी घरे, नवी जागा मिळाली. एक काढून त्या जागी दुसरे दिले की हिशेब पुरा होतो, असे आमच्या तालुक्यातल्या जाणत्या माणसांना म्हणून पाहा. ती काही बोलणार नाहीत, पाण्याकडे पाहतील. आपल्या घरात बटण दाबताच येणाऱ्या विजेमागे कुणीतरी काही सोडलेले असते. त्या विजेवर चालणारी वस्तू हलक्या मनाने उकिरड्यावर टाकू नये, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीबद्दल सावध केले. तीच वृत्ती वस्तूंचा कचरा करते आणि दुर्बळ माणसांनाही बाजूला सारते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच परिपत्रकाच्या २११व्या परिच्छेदात ते म्हणतात की, वस्तू लगेच टाकून न देता योग्य हेतूने पुन्हा वापरणे ही प्रेमाची कृती होऊ शकते. दुरुस्तीला प्रेमाच्या रांगेत बसवणारे हे बोल आहेत.

पण प्रिय जनहो, प्रत्येक दुरुस्ती प्रेमाची नसते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात प्रभूच सांगतो की, जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले तर फाटलेले अधिकच फाटते. बोर्डाचेही तसेच. पाटी जळून कोळसा झाली असेल तर त्या कोळशातूनही वीज वाहू शकते. तिथे वरवर डाख देऊन यंत्र सुरू करणे म्हणजे घराला आगीच्या हवाली करणे. मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा अधिक दाब साठलेला असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. म्हणून झाकण उघडण्याचे काम जाणकारानेच करावे. आणि सर्वांत वाईट दुरुस्ती कोणती? उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळणे. टीव्ही चालू होतो, घरचे खूश होतात. पण फ्यूजचे कामच मुळी योग्य वेळी तुटण्याचे आहे. तो तुटतो म्हणून घर वाचते.

हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून एखादी बहीण माहेरी येते, तेव्हा आपण मंडळीतले लोक तिला काय सांगतो? “सांभाळून घे, संसार मोडू नये.” आपल्याला ती समेटाची सेवा वाटते. खरे पाहता ती फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तार असते. त्या घरातला बिघाड ती बहीण नाही. बिघाड दुसरीकडे आहे, आणि तो उघडून पाहिल्याशिवाय तिला परत जोडू नये. आधी तिचा आणि मुलांचा जीव सुरक्षित. खणणे, खत घालणे, पश्चात्तापाची फळे पाहणे हे त्यानंतर, आणि तेही त्या माणसाच्या मुळाशी.

उलट, जिथे नुसते थांबून पाहायला हवे असते तिथे आपण चटकन निकाल देतो. दारू पिणाऱ्याबद्दल, मिस्सेला येणे सोडलेल्याबद्दल, दहावीत नापास झालेल्या मुलाबद्दल आपण म्हणतो, “तो गेला, त्याचे काही खरे नाही.” धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या मुलाला प्रार्थना पाठ होत नाही. उघडून पाहिले तर कळते, घरी त्याची भाषा कोकणी, शाळेची कन्नड, आणि प्रार्थना मराठीत. शिवाय तो रानवाटेने उपाशीपोटी चालत आलेला. बिघाड बुद्धीत नव्हताच. एक सांधा सैल होता. प्रार्थनेचा अर्थ त्याच्या बोलीत सांगितला आणि आधी चहा-बिस्किट दिले की तेच मूल हात जोडून पुढे उभे राहते.

माणसाला उघडून पाहणे म्हणजे त्याचे ऐकणे. त्यासाठी भिंग लागत नाही, मीटर लागत नाही, वेळ मात्र लागतो. नेमका तोच द्यायला आपण कुरकुरतो.

या आठवड्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. घरात बंद पडलेली एखादी वस्तू असेल तर ती टाकण्याआधी जाणत्या मेकॅनिककडे नेऊन दाखवा. दुरुस्त होण्यासारखी नसेल तर जाळू नका, पुरू नका. सुटे भाग काढून घेणाऱ्या मेकॅनिककडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात ती द्या. मेलेल्या बोर्डावरचा एखादा चांगला भाग दुसऱ्या कुणाच्या घरात उजेड पाडू शकतो. आणि ज्याच्याबद्दल आपण ‘गेला’ म्हणून मोकळे झालो आहोत, अशा एका माणसाच्या दारी जा. उपदेश न करता तासभर बसा.

प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, तू आमच्या मुळाशी वाकणारा माळी आहेस. आमच्यात फळ दिसले नाही तेव्हाही तू आमच्यासाठी आणखी एक वर्ष मागून घेतलेस. जे सांधता येईल ते सांधण्याचा धीर आम्हांला दे, जे तोडायला हवे ते तोडण्याचे धैर्य दे, आणि दोन्हींच्या आधी नीट पाहण्याची दृष्टी दे. आमच्या कोणत्याही भावा-बहिणीबद्दल ‘गेला’, ‘गेली’ हा शब्द आमच्या ओठांवर घाईने येऊ देऊ नकोस. आमेन.