डाग देताना

१. पुण्याची बुधवार पेठ, तपकीर गल्ली. पहिली खरेदी: २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, स्टँड, स्पंज, राळ भरलेली तार.

२. तार ६३/३७ची घ्यावी. ६३ भाग कथील, ३७ भाग शिसे; १८३ अंशांना एकदम वितळते, एकदम गोठते. ६०/४० मध्ये थोडा वेळ लगदा राहतो. तेवढ्यात हात हलला की सांधा कच्चा.

३. नवशिका आधी बिटवर, म्हणजे आयर्नच्या टोकावर, तार वितळवतो, मग तो थेंब सांध्यावर नेऊन ठेवतो. तोवर राळ जळून गेलेली असते. थेंब बसतो, धरत नाही. बिट बोर्डावरच्या तांब्याच्या पॅडला आणि जोडायच्या भागाच्या पायाला एकाच वेळी टेकवावे, तार पलीकडून लावावी. तापलेल्या तांब्यानेच तार वितळली पाहिजे. आधी तार काढायची, मग बिट.

४. ‘सर, अजून धरू?’
‘नको. पॅड उखडेल.’

५. कल्हईवाला तापल्या पातेल्यात नवसागर टाकतो, मग कथील फिरवतो. इथे नवसागराचे काम राळ करते. मळलेल्या तांब्यावर कथील पसरत नाही.

६. दिसतो तो धूर राळेचा. शिसे पोटात जाते ते बोटांवरून. खिडकी उघडी ठेवावी, धूर नाकात जाऊ देऊ नये. साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

७. पक्का सांधा पायाकडे उतार घेत चढतो. कच्चा गोळा होऊन बसतो. नुसत्या चकाकीवर जाऊ नये: बिनशिशाच्या तारेचा चांगला सांधाही मंद दिसतो.

८. एलईडी लागेना. लांब पाय धन बाजूला हवा होता. आजचा उरलेला तास सोल्डर पंपाचा. लावण्याइतकेच काढणेही शिकवावे लागते.

९. पाबळचा विज्ञान आश्रम, १९८३. डॉ. श्रीनाथ कलबागांनी गावातल्या मुलांना हाताने काम करत शिकवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी (हाताने वस्तू घडवण्याच्या कार्यशाळांपैकी) एक तिथेच उभी राहिली.

१०. २२ जून २०१६. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ उपग्रह पीएसएलव्ही-सी३४ने कक्षेत गेला.

११. घरात बॅटरीवर चालणारा बंद रेडिओ असेल तर भंगारात देऊ नका. सेल काढा आणि शिकणाऱ्या मुलीच्या हाती द्या. नव्या बोर्डाआधी तिला बिघडवायला एक जुना बोर्ड हवा.