खंड्याचं दुखणं

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे घरात जे काही छापील येईल ते आधी माझ्या पुढ्यात येतं. विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, खताच्या पोत्यावरचा मजकूर, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं; सगळं मी वाचायचं आणि त्याचा अर्थही मीच सांगायचा. मी कला शाखेची, माझे विषय मराठी आणि इतिहास, हे आण्णांना कितीदा सांगितलं तरी त्यांचा हिशेब साधा आहे: शिकलेल्या माणसाला ठाऊक असतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडत असे. 'मला ठाऊक नाही' हे वाक्य त्या घरात मी सहसा उच्चारत नसे.

खंड्या आमच्याकडे ज्येष्ठात आला. आमचं गाव लोणंदपासून आत. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरलेली धनगर मंडळी पावसाच्या तोंडाला परततात, तेव्हा त्यांचे तळ आमच्या भागातल्या पडीक रानांत पडतात. असाच एक तळ दोन रात्री आमच्या रानात होता. निघताना त्यांच्यातल्या एका आजींनी ओच्यातून एक पिल्लू काढून आईच्या हातात ठेवलं. "राखणीला ठेव, गुणाचं हाय." दीड महिन्याचं, तांबूस रंगाचं, तोंड तेवढं काळं. आले तेव्हाच त्याच्या कानांत गोचिडी होत्या. आण्णा संध्याकाळी ओट्यावर बसून त्या वेचायचे आणि चुलीत टाकायचे. फट्‌ असा आवाज व्हायचा आणि माझा धाकटा भाऊ टाळ्या पिटायचा. कुत्रं म्हटलं की गोचिडी आल्याच. त्यांच्याकडे कोण लक्ष देतो!

आषाढात बेंदूर झाला. दुसऱ्या दिवशी खंड्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. आई म्हणाली, "काल पुरणाची पोळी हादडली, ती बाधली." तिसऱ्या दिवशी त्याचे कान तापले, डोळ्यांना चिपाडं आली. शेजारच्या म्हातारीनं नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या. आण्णा म्हणाले जंत. मी मोबाईलवर शोधलं तर वीस आजार निघाले आणि वीसही खंड्याला झालेत असं वाटलं. शेवटी बाजारगावच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जंताचं औषध दिलं, तापाचं इंजेक्शन दिलं. चार दिवसांत खंड्या उठून कोंबड्यांमागे धावायला लागला. म्हणजे जंतच, असं सगळ्यांनी ठरवलं. आण्णांचा शब्द खरा ठरला म्हणून त्या दिवशी तेही खुशीत होते.

कोंबड्या आमच्या नव्हत्या, काकीच्या होत्या. इथं काकीबद्दल सांगायला हवं. आजोबांच्या माघारी वाटणी झाली आणि घराच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली. अलीकडे आम्ही, पलीकडे काका-काकी. भिंत असली तरी गौरी मात्र काकीच्या घरीच बसतात. बारावीनंतर माझं शिक्षण थांबवायचं घाटत होतं, स्थळंही यायला लागली होती, तेव्हा ओट्यावर पदर खोचून उभी राहिलेली बाई म्हणजे ही काकी. "पोरीला शिकू द्या भावजी, आमाला न्हाई मिळालं ते तिला तरी मिळू द्या," असं तिनं आण्णांना सुनावलं होतं. आण्णा तिच्या तोंडाला लागत नाहीत. मी आज या मासिकात लिहिते आहे ती तिच्यामुळे, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

तर श्रावणात खंड्यानं काकीचं एक पिल्लू धरलं. काकी संतापली. "पुन्हा हिकडं आला तर औषध घालीन त्याला," असं सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली. रागाच्या भरात गावात असं दिवसातून दहादा कुणी ना कुणी बोलतंच.

मग भाद्रपद. गौरी जेवायच्या त्या सकाळी खंड्या अंगणात बसला होता आणि त्याच्या एका नाकपुडीतून रक्ताची धार लागली होती. कुठं लागलं नव्हतं, पडला नव्हता. पोटावरचे केस बाजूला केले तर तिथं टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. हिरड्या पांढऱ्याफटक. मी त्याला पोत्यात गुंडाळून पुन्हा त्याच डॉक्टरांकडे नेलं. सणाचा दिवस, ते घाईत होते. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "उंदराचं औषध वगैरे खाल्लं असू शकेल. त्यानं असं रक्त येतं." एक इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांनी आणायला सांगितलं.

घरी आले तर ओट्यावर सगळे वाट पाहत होते. आण्णांनी विचारलं, "काय म्हनलं डॉक्टर?"

मी म्हणाले, "विष आहे."

डॉक्टरांचे शब्द मला नीट आठवत होते. 'असू शकेल' असं ते म्हणाले होते. वाटेत कुठं तरी ते 'शकेल' गळून पडलं. मराठीच्या तासाला क्रियापदांचे अर्थ मी पाठ केले आहेत, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले आहेत. पण रक्तानं भरलेलं पोतं हातात असताना मला 'आहे'च म्हणायचं होतं. कुणाचा तरी दोष असावा असं मनातून वाटत होतं, आणि दोष कुणाचा हे भिंतीपलीकडे तयारच होतं.

मी तशीच काकीच्या घरात गेले. गौरीपुढं नैवेद्याची ताटं मांडलेली, आळीतल्या सात-आठ बाया बसलेल्या. त्यांच्यादेखत मी काकीला विचारलं, "मुक्या जनावराला विष घालताना हात थरथरला नाही का गं तुझा?" काकी माझ्याकडे पाहतच राहिली. "मी?" एवढंच म्हणाली. मग आई आली, काका बोलले, आण्णा बोलले. वाटणीच्या वेळचं जे जे मनात राहिलं होतं ते ते सगळं बाहेर पडलं. त्या वर्षी आम्ही गौरीला जेवलो नाही.

दोन दिवसांत खंड्याची उठायची ताकद गेली. ओळखीच्या एका दूधवाल्यानं सुचवलं, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं न्या. मी शिष्यवृत्तीतले उरलेले पैसे घेतले, कांद्याच्या पाटीत जुनी गोधडी घालून त्यावर खंड्याला ठेवलं आणि एस.टी. धरली. कंडक्टरनं पाटीत डोकावून पाहिलं. "तुझं अर्धं तिकीट हाय बाई, त्याचं कितीचं फाडू?" सगळी गाडी हसली. मग त्यानं खंड्याच्या नाकावरचं सुकलेलं रक्त पाहिलं आणि काही न बोलता मला पुढं खिडकीजवळ जागा करून दिली.

शिरवळच्या डॉक्टर बाईंनी खंड्याला टेबलावर घेतलं. ताप एकशे चार अंशांच्या वर होता; कुत्र्याचा एरवी एकशे एक-दोन असतो, हे मला तिथं कळलं. गळ्याखालच्या, मांडीच्या मागच्या गाठी चाचपल्या. मी न विचारताच सांगितलं, "विष घातलंय मॅडम." त्यांनी वर पाहिलं. "कुणी पाहिलं?" मी गप्प. "मग आपण आत्ता तसं म्हणायचं नाही. काय झालंय ते मला अजून ठाऊक नाही. रक्त बघू."

इतकं शिकलेलं माणूस इतक्या सहज 'मला ठाऊक नाही' म्हणतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्याची भीती वाटली, आणि थोडा धीरही आला.

मग त्या प्रश्न विचारत गेल्या. आधी कधी आजारी होता? बेंदराच्या वेळचा ताप सांगितला. मधे पूर्ण बरा झाला होता? हो. गोचिडी आहेत? मी म्हटलं, "असतातच की." त्यांनी खंड्याचा कान उलटा केला, मग पायाच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि चिमट्यानं एक फुगलेली गोचीड काढून माझ्यासमोर पांढऱ्या कागदावर ठेवली. बोलल्या काहीच नाहीत.

दुपारी रक्ताचा निकाल आला. रक्त गोठायला ज्या प्लेटलेट लागतात त्या कुत्र्याच्या एका मायक्रोलिटर रक्तात दोन लाखांच्या आसपास तरी असाव्या लागतात. खंड्याच्या बावीस हजार भरल्या. काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात, पांढऱ्या पेशीच्या पोटात, त्यांना एक जांभळट पुंजका सापडला. मलाही सूक्ष्मदर्शकातून दाखवला. मला तो शाईच्या डागासारखा दिसला. तो जंतूंचा पुंजका होता. एर्लिकिया त्याचं नाव. गोचीड चावली की तिच्या लाळेतून तो कुत्र्याच्या रक्तात जातो. दोन-तीन आठवड्यांत ताप येतो; पुष्कळदा ताप आपोआप उतरतो आणि कुत्रं बरं झालं असं वाटतं, पण जंतू आतच दबा धरून असतात. म्हणून हा आजार चकवतो. जंताच्या औषधानं खंड्या बरा झालाच नव्हता. "उंदराच्या औषधानंही रक्त वाहतं," त्या म्हणाल्या, "त्या डॉक्टरांची शंका चूक नव्हती. फक्त ती शंका होती."

पुढं ग्रंथपाल सरांच्या मदतीनं मी याविषयी थोडं वाचलं. हा जंतू कुत्र्यात प्रथम ओळखला गेला तो 1935 साली, अल्जीरियात. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या सैन्याची बरीच कुत्री नाकातून रक्त येऊन याच आजारानं दगावली. तिथल्या डॉक्टरांनाही तो सुरुवातीला उमगला नव्हता. हे वाचून मला थोडं हलकं वाटलं, हे कबूल करते. पण त्या डॉक्टरांनी कुणाच्या गौरीपुढं जाऊन आरोप केले नव्हते.

औषध साधंच निघालं. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, अठ्ठावीस दिवस, रोज, रिकाम्या पोटी नाही. मी वहीत अठ्ठावीस रेघा ओढल्या. चौथ्या दिवशी खंड्यानं शेपटी हलवली, सातव्या दिवशी भाकरी मागितली. पण डॉक्टर बाईंनी निघताना आणखी एक गोष्ट बजावली होती. कुत्र्याच्या या गोचिडी रक्त पिऊन झालं की अंगावरून उतरतात आणि भिंतीच्या फटींत शिरतात. तिथंच कात टाकतात, तिथंच हजारोंनी अंडी घालतात. भिंती फवारल्या नाहीत तर गोळ्या फुकट.

आमच्या घरात मातीची भिंत एकच, ती मधली. आण्णांनी कांद्याच्या फवारणीचा पंप धुऊन घेतला, मी बाटलीवरची बारीक अक्षरं दोनदा वाचली, या खेपेला एकही शब्द न गाळता, आणि आमच्या बाजूनं भिंत फवारून झाली. फटी मात्र आरपार होत्या. आण्णा म्हणाले, "पलीकडनं बी मारायला लागंल." आणि पंप माझ्या हातात देऊन ते रानात निघून गेले.

घटस्थापनेच्या आधीची ती दुपार होती. मी काकीच्या दारात पंप घेऊन उभी. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं, चांगली चार-पाच वाक्यं होती. त्यातलं एकही आलं नाही. "काकी, खंड्याला विष नव्हतं. गोचिडीनं झालं. मी खोटं बोलले," एवढंच कसंबसं निघालं. काकी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. बराच वेळ सुपातल्या तांदळाचा तेवढा आवाज.

"डॉक्टर म्हनला व्हता नव्हं इष म्हणून?"

"असू शकेल म्हणाले होते."

"मग?"

मग काय, याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "भिंत फवारायचीय. पलीकडून केली, इकडून राहिलीय."

काकी उठली. कोंबड्या हुसकून मागच्या दारानं बाहेर काढल्या, त्यांच्यावर डालगं पालथं घातलं. देव्हाऱ्यावर कापड टाकलं. मग तोंडाला पदर लावून चौकटीला टेकून उभी राहिली. मी खालपासून फवारत वर गेले. ती एक शब्द बोलली नाही, आत गेलीही नाही. मला वाटलं झालं, म्हणून मी पंप खाली ठेवला.

"ती फट राहिली बघ," ती म्हणाली. "वरली. आढ्याजवळची."