तंबोऱ्याच्या गावी

युरोपातील काही नगरे संगीतामुळे ओळखली जातात. साल्झबर्गला मोझार्टचे जन्मघर पाहण्यासाठी जगभरातून माणसे जातात. व्हिएन्नात बेथोव्हेन आणि शूबर्ट यांच्या समाधींवर आजही फुले वाहिली जातात. इटलीतील क्रेमोना या नगराची कीर्ती मात्र निराळी आहे. तेथे मानाचे स्थान आहे ते व्हायोलिन घडवणाऱ्या कारागिरांना. अंतोनिओ स्त्रादिवारी हा तेथला कारागीर १७३७ साली वारला; त्याच्या हातची व्हायोलिने आजही श्रेष्ठ वादक जिवापाड जपतात. २०१२ साली युनेस्कोने क्रेमोनाच्या या कारागिरीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. गाणाऱ्यांचे गाव आणि वाद्य घडवणाऱ्यांचे गाव एकाच वेशीत पाहायचे असेल, तर आपल्याला समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. पुण्याहून साताऱ्यामार्गे जाणारी रेल्वे धरावी आणि मिरज जंक्शनला उतरावे.

आम्ही पाच माजी विद्यार्थी गेल्या हिवाळ्यात मिरजेला गेलो, त्यामागे शाळेचेच एक काम होते. खराडीत झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत शाळेला काय द्यावे याचा विचार चालला होता. बहुतेकांचे मत संगणकांच्या बाजूने होते. संगीताच्या बाईंनी मात्र तंबोऱ्यांची एक जोडी मागितली होती. त्या मागणीवर मागच्या रांगेतून एका ज्येष्ठ बंधूंनी प्रश्न केला, ‘‘भीमगीते आपली, ढोलकी आपली, एकतारी आपली. हे तंबोऱ्यावरचे गाणे आपले आहे काय?’’ सभेत क्षणभर शांतता पसरली. प्रश्न कडवट नव्हता आणि निराधारही नव्हता. ज्या समाजाला देवळाच्या पायरीशी थांबवले गेले, त्याला दरबाराच्या बैठकीत कोण बसवणार होते? आमच्या वसतिगृहात रेडिओवर सकाळचा राग लागला की तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून ऐकू येत असल्यासारखा वाटे. उत्तर बैठकीत सापडण्यासारखे नव्हते. म्हणून ते वाद्य जेथे जन्मते, तेथेच जाऊन पाहावे असे ठरले.

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहत असत. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे ते मोठे गवई. कुरुंदवाडचा एक मुलगा, विष्णू दिगंबर पलुसकर, लहानपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टी अधू झाल्यामुळे मिरजेला आला आणि बुवांचा शिष्य झाला. चरित्रकार या काळातील एक प्रसंग सांगतात. नगरातील एका समारंभाला प्रतिष्ठितांना निमंत्रणे गेली. राजाश्रयामुळे तरुण विष्णूलाही निमंत्रण होते, परंतु त्याच्या गुरूंना नव्हते. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, ते तर गवई! ज्यांचे गाणे ऐकायचे, त्यांना पंगतीला मात्र बोलवायचे नाही, ही रीत त्या तरुणाच्या मनाला लागली. १८९६ साली त्याने मिरज सोडली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाच्या मर्जीवर न चालता लोकांच्या आधारावर चालणारी ती संगीतशाळा होती. कलेचा आदर आणि कलावंताचा अनादर हे दोन्ही एकाच घरात कसे नांदतात, हे आमच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

स्थानकापासून आम्ही ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याकडे गेलो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची समाधी याच आवारात आहे. खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तरेतील कैराना येथे झाला. त्यांची कर्मभूमी मात्र हा आपला मुलूख. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. घराण्याची विद्या घराबाहेर जाऊ नये अशी रीत असलेल्या त्या काळात त्यांनी जात-धर्म न पाहता शिकवले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या प्रवासात असताना सिंगपेरुमल कोविल या लहानशा रेल्वेस्थानकावर त्यांचे निधन झाले, आणि त्यांचा देह मिरजेला आणून येथे दफन करण्यात आला. दरवर्षी उरुसात या आवारातील चिंचेच्या झाडाखाली संगीतसभा भरते. नामवंत गायक-वादक येथे सेवा म्हणून कला सादर करतात आणि श्रोते जमिनीवर बसून ऐकतात. या बैठकीला तिकीट नसते.

याच उरुसाची आणखी एक गोष्ट आम्हांला तेथे कळली आणि आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. मजारीवर चादर चढवतात, तिला तिकडे गलेफ म्हणतात. उरुसातील मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. एरवी गावगाड्यात ज्यांना शेवटची जागा, त्यांना येथे मान! या एका प्रथेने शतकांचे अन्याय फिटले असे कोणी म्हणणार नाही. तरीही ज्या अंगणात खाँसाहेब गात बसत, त्या अंगणाला हाही एक वारसा आहे, ही नोंद आमच्या मुलांच्या कानांवर जायला हवी.

खाँसाहेबांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला. स्त्रीने सभागृहात तिकीट लावून गावे ही गोष्ट समाजाला रुचत नव्हती, त्या काळात त्यांनी जाहीर मैफली केल्या. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्याकडे भीमसेन जोशी शिकले आणि गंगूबाई हनगलही शिकल्या. गंगूबाई अकरा वर्षांच्या असताना, १९२४ साली, बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात स्वागतगीत गायल्या. आपली जात पाहून जेवणाच्या जागेची साफसफाई तर आपल्याला सांगणार नाहीत ना, अशी धाकधूक त्या वेळी मनात होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. गात असताना पोटात ही भीती बाळगणारी ती मुलगी किराणा घराण्याची थोर गायिका झाली. हे गाणे आपले आहे काय, या प्रश्नाला एक उत्तर तिच्या आयुष्यानेच दिले आहे.

दुसरे उत्तर आम्हांला सतारमेकरांच्या गल्लीत मिळाले. तेथील घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते. तलवारी-भाल्यांना धार लावणे, शस्त्रे दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. इंग्रजी अमलात संस्थानिकांची शस्त्रे म्यानात गेली आणि या हातांचे काम सुटले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नावाच्या कारागिराने तंतुवाद्याकडे लक्ष वळवले, आणि त्यांच्या कुळाला पुढे सतारमेकर हे आडनावच पडले. पोटासाठी धंदा बदलावा लागणे हे दुःख आपल्या लोकांना ठाऊक आहे. शस्त्र घडवणारे हात वाद्य घडवू लागले, ही गोष्ट मात्र आम्हांला विशेष भावली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

एका कार्यशाळेत वयोवृद्ध कारागीर जमिनीवर बसून काम करीत होते. आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो. छताला आणि भिंतीशी वाळलेले भोपळे रचलेले होते. हे भोपळे कडू जातीचे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात, भीमेच्या काठी पिकतात. पूर्ण वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, वरचा भाग कापून आतला गर आणि बिया काढायच्या, आतून काठ्यांचा आधार देऊन त्याला आकार द्यायचा. मग त्यावर लाकडी गळा बसतो, गळ्यावर दांडी चढते, समोरून तबली लावली जाते. हाताने कोरलेली नक्षी आणि रंगरोगण झाले की खुंट्या, घोडी आणि तारा. एकेका कामाला जोडणी वाळेपर्यंत थांबावे लागते. घाई केलेली जागा पुढे आवाजात उघडी पडते.

शेवटचे काम जवारीचे. घोडीचा पृष्ठभाग कानसीने इतका हलका घासायचा की तार तिला पुरती टेकू नये आणि पुरती सुटूही नये. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवत सरकवत आवाज उघडायचा. चाचांनी धागा केसभर हलवला आणि बसलेला आवाज एकाएकी फुलून आला. ‘‘मोजून होत नाही बघा हे,’’ ते म्हणाले, ‘‘भोपळा काय बोलतो ते ऐकावं लागतं.’’ भगवान बुद्धांनी सोण या भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता: तार फार ताणली तरी वीणा वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. वसतिगृहाच्या सभागृहात हा दाखला आम्ही अनेकदा ऐकला होता. त्याचा अर्थ बोटांनी कसा जाणावा, ते त्या दुपारी पाहिले.

अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते आणि हत्यारांची पेटी जवळ बाळगत, हे तेथे अभिमानाने सांगितले जाते. एवढा मोठा गवई हातात कानस घ्यायला कमी समजत नव्हता. आपल्याकडे मात्र मैफलीच्या पत्रिकेवर गायकाचे नाव मोठ्या अक्षरांत, साथीदारांची लहान अक्षरांत, कधी मागे तंबोरा धरणाऱ्या शिष्याचेही असते. तंबोरा घडवणाऱ्याचे नसते. भोपळा पिकवणाऱ्याचे तर सोडूनच द्या. ज्या सुरावर सारी मैफल उभी राहते, तो सूर कुणा शेतकऱ्याच्या रानात वाढलेला आणि कुणा कारागिराच्या मांडीवर जागा झालेला असतो. शास्त्रीय संगीत आपले नाही असे म्हणताना आपण या हातांनाही त्यातून वजा करतो. ते हात कष्टकऱ्यांचे आहेत, आपल्या नात्याचे आहेत. वारकऱ्याची वीणा आणि शाहिराची एकतारीसुद्धा याच भोपळ्याची लेकरे आहेत.

आणखी एक गोष्ट प्रश्न विचारणाऱ्या बंधूंपुढे आदराने ठेवावीशी वाटते. बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात व्हायोलिनचे धडे घेतले होते. क्रेमोनाच्या कारागिरांनी नावारूपाला आणलेले ते परदेशी वाद्य हाती घेताना ते आपले आहे काय, असा प्रश्न त्यांना अडवू शकला नाही. उत्तम ते शिकायचे, एवढाच त्यांचा निकष होता.

बैठकीत आम्ही हे सारे मांडले. निर्णय एकमताने झाला असे नाही. जमलेल्या रकमेत दोन्ही गोष्टी बसत नव्हत्या, आणि संगणक पुढील वर्षावर गेल्याची रुखरुख काही पालकांना आहे. ती रास्तही आहे. तेवढा निधी उभा करण्याची जबाबदारी आम्ही पाचजणांनी घेतली आहे. तंबोऱ्यांची जोडी सांगून झाली आहे, एक मुलांच्या आणि एक मुलींच्या स्वरासाठी. बटण दाबले की सूर देणारी पेटी स्वस्तात मिळाली असती. परंतु तंबोरा स्वतः जुळवावा लागतो. पंचम लागला की नाही, दोन्ही जोडाच्या तारा एकजीव झाल्या की नाही, खर्ज स्थिरावला की नाही, याचा निर्णय विद्यार्थ्याच्या कानाने करायचा असतो. आपल्या मुलांनी दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये, स्वतः ऐकून ठरवावे, हे शिक्षण त्यातून आपोआप मिळेल.

शाळेच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची पाटी लावण्याची प्रथा आहे. संगीतकक्षाच्या पाटीबाबत आम्ही विश्वस्त मंडळाला एक विनंती केली आहे आणि ती मान्य झाली आहे. पहिल्या ओळीत मिरजेच्या कारागिराचे नाव असेल. दुसऱ्या ओळीत भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे, ते चाचांनी विचारून कळवायचे कबूल केले आहे. देणाऱ्यांची नावे त्यानंतर येतील.